यांच्या कानांतला रविवार

दातांच्या दवाखान्यात दिवसभर रिसेप्शनवर बसणाऱ्या बाईला आवाजाचं कौतुक असायचं काही कारण नाही. नागपूरला रामदासपेठेतल्या आमच्या दवाखान्यात सकाळी आतल्या खोलीतलं ड्रिल सुरू झालं की त्याचा प्रत्येक चढउतार बाहेर बसलेल्या पेशंटच्या चेहऱ्यावर दिसतो. मी ते ऐकते, हे पाहते, मध्ये फोन घेते आणि 'दहाच मिनिटं' असं दर अर्ध्या तासाने सांगत राहते. संध्याकाळी बेसाला घरी पोचले की मला फक्त शांतता हवी असते. ती तिथेही नसते. आमच्या घराच्या तिन्ही बाजूंना बांधकामं चालली आहेत आणि फरशी कापायचं मशीन ड्रिलपेक्षा काही गोड नसतं.

म्हणून मुलीने पुण्याहून एका व्हिडिओची लिंक पाठवली तेव्हा ती मी बरेच दिवस उघडलीच नाही. आमची एकुलती एक मुलगी जूनमध्ये नोकरीसाठी तिकडे गेली. होस्टेलवर तिला झोप येईना, तेव्हा खोलीतल्या मैत्रिणीने तिला हे व्हिडिओ दाखवले. "आई, यात काही होतच नाही," तिने मला समजावून सांगितलं. "नुसते आवाज असतात. कोणी टॉवेलच्या घड्या करते, कोणी कागद चुरगाळते, कोणी ब्रश फिरवते. मले ऐकता ऐकता झोप लागते. तू ऐक, पण इअरफोन दोन्ही कानांत घालून ऐक." त्याला चार इंग्रजी अक्षरांचं नाव आहे, एएसएमआर, हेही तिने सांगितलं. मी म्हटलं, घरी होती तोवर एका टॉवेलची घडी केली नाही या मुलीने, आणि पुण्याला जाऊन घड्या ऐकते आहे.

एका दुपारी डॉक्टर जेवायला गेले होते. बाहेर एकच आजोबा गाल धरून बसले होते. मी कानांत इअरफोन घातले आणि लिंक उघडली. एक विलायती मुलगी दिसली. तिच्या हातात आपल्याकडे असते तशीच आगपेटी होती. ती काही न बोलता ती आगपेटी हलवत होती. आधी डाव्या बाजूला, मग हळूहळू मागे. मागे म्हणजे माझ्या डोक्याच्या मागे. काड्यांचा आवाज माझ्या मानेपासून वीतभर अंतरावरून गेला आणि उजव्या कानाशी येऊन थांबला. मी खुर्चीत गर्रकन वळून मागे पाहिलं. मागे फायलींचं कपाट होतं. आजोबा गाल सोडून माझ्याकडे बघत होते.

मानेपासून पाठीपर्यंत काहीतरी सरसरत गेलं. शहारा म्हणावा तर थंडी नव्हती, भीतीही नव्हती. लहानपणी शाळेत शेजारची मैत्रीण पाठीवर बोटाने अक्षर काढायची आणि ओळख म्हणायची, तेव्हा असं व्हायचं. ते सुख मी विसरून गेले होते. पन्नाशीला आलेल्या बाईच्या पाठीवर आता कोण अक्षरं काढणार? मी तो व्हिडिओ पुन्हा लावला.

त्यानंतर मला नादच लागला. मी अशी आहे, एखादी गोष्ट समजली नाही की मला चैन पडत नाही, आणि समजली की मी ती भेटेल त्याला सांगत सुटते. सगळ्यांनाच असं सरसरत नाही, हे मला कळलं. दवाखान्यातल्या नर्सला आगपेटीने काहीच झालं नाही, उलट तिला डोक्यात उवा चालल्यासारखं वाटलं. मला स्वतःला कुजबुजणारे व्हिडिओ अजिबात आवडले नाहीत. कानाशी येऊन कुणी हळू आवाजात बोललं की मला लग्नकार्यात बसलेल्या नात्यातल्या बायका आठवतात आणि वाटतं, आता कुणाचं तरी वाईट ऐकावं लागणार. पण सुपात तांदूळ फिरवण्याचा आवाज, लाकडी खोक्यात बटणं चाळण्याचा आवाज, जाड पुठ्ठ्यावरून नख ओढण्याचा आवाज, हे मी बसमध्ये, जेवणाच्या सुट्टीत, भाजी निवडताना ऐकायला लागले. भाजी निवडताना दुसऱ्या कुणाची तरी भाजी निवडलेली ऐकायची, हा वेडेपणा आहे हे मला समजत होतं.

मग ते करतात कसं, याच्या मागे लागले. त्याचेही व्हिडिओ असतात. एक बिनचेहऱ्याचं डोकं असतं, त्याला रबरी कान लावलेले, आणि कानांच्या भोकांत एकेक माईक. आवाज डावीकडून आला तर डाव्या कानाला आधी आणि मोठा मिळतो, उजव्याला जरा उशिरा आणि डोक्याच्या आडून. तेवढ्या फरकावरून आपलं मन ठरवतं की कोण कुठे उभं आहे. रेकॉर्डिंगमध्ये तो फरक जसाच्या तसा उतरतो. म्हणजे ऐकणारा खरं तर त्या डोक्याच्या जागी जाऊन बसतो. हे मला फार भारी वाटलं. फोटोत आपण दुसऱ्याला समोरून बघतो, इथे त्याच्या आत बसून त्याच्या बाहेरचं ऐकतो.

आता हे घरी दाखवायचं कुणाला? घरी आम्ही दोघंच. आमचे हे बुटीबोरीला कापडाच्या कारखान्यात आहेत, माग चालतात त्या शेडमध्ये, लग्नाच्या आधीपासून. बोलणं बेताचं. मी दहा वाक्यं बोलले की यांचं एक 'हं' येतं, आणि तेही दर वेळी माझ्याच वाट्याला येईल असं नाही. मी यांच्या हातात फोन दिला, कानांत इअरफोन घातले आणि आगपेटीचा व्हिडिओ लावला.

"सांगा, काय वाजून राहिलं?"

"आगपेटी," हे स्क्रीनकडे बघत म्हणाले.

"कुठून वाजून राहिली?"

यांनी स्क्रीनवरच्या मुलीच्या हाताकडे बोट केलं. "हे काय, इथून."

"अहो, डोळे मिटा अन् सांगा."

"मले नाही जमत तुझे पोरखेळ," म्हणून यांनी इअरफोन काढून माझ्या हातात दिले. मी चिडले. मला वाटलं, माणसाला कशाचंच कौतुक नसावं म्हणजे किती नसावं.

त्या दिवसांत माझा यांच्यावर एरवीही राग होता, आणि त्याचं कारण मुलगी होती. ती पुण्याला जावी असं यांच्या मनात नव्हतं. इथेच मिळेल काहीतरी, एवढंच म्हणाले होते, अडवलं नव्हतं. पण ती गेल्यापासून फोनवर तिच्याशी बोलेनात. तिचा फोन आला की 'हां, बरं, बरं, आईले देतो' आणि फोन माझ्या हातात. व्हिडिओ कॉल लावला तर ही चालता चालता बोलणार, अर्धा वेळ होस्टेलचं छत दिसणार, नेट अडकलं की तोंड एकीकडे आणि आवाज दुसरीकडे. हे दोन मिनिटांत उठून जायचे. पावसाळ्यात तिला ताप भरला. नेमका तिने यांनाच फोन केला. "बाबा, मले दोन दिवसांपासून ताप आहे," ती म्हणाली. हे म्हणाले, "छान, छान. आईले देतो."

ती त्यावर किती रडली ते मला माहीत आहे. मी यांना त्या दिवशी नको नको ते बोलले. हे नुसते बघत राहिले. सप्टेंबरात तिने मला सांगून टाकलं, "आई, दिवाळीले मी येत नाही. बाबाले मी नकोच आहे तं कायले येऊ? तू ये इकडे." पुण्याहून दिवाळीच्या गाड्या किती लवकर भरतात ते नागपूरच्या प्रत्येक घराला माहीत असतं. मी रोज विचारायची, तिकीट काढलं का, आणि ती रोज विषय बदलायची. घरातलं एकुलतं एक लेकरू दिवाळीला येणार नाही, आणि ज्यांच्यामुळे येणार नाही ते टीव्हीचा आवाज वाढवून क्रिकेट बघत बसलेत, असं सगळं चाललं होतं.

अशात मी तसे दोन माईक मागवले. दिसायला इअरफोनच, कानातच घालायचे, पण त्यांच्यातून ऐकू काही येत नाही, ते आपल्याला ऐकू येतं ते टिपतात. रबरी डोक्याची गरज नाही, आपलंच डोकं वापरायचं. तार फोनला जोडायची आणि चालू करून फिरायचं. पहिलं रेकॉर्डिंग मी बेसा चौकातल्या भाजीवाल्यांमध्ये केलं आणि घरी येऊन ऐकलं तर भाजीवाले दूर कुठेतरी आणि पुढ्यात माझ्याच बांगड्या. इतक्या वाजतात त्या, हे मला माहीत नव्हतं. दुसऱ्यात मी आवंढे गिळत होते. तिसऱ्यात कुणी हाक मारली म्हणून मान वळवली, तर ऐकताना सगळा चौकच माझ्याभोवती फिरला. हळूहळू शिकले. बांगड्या काढायच्या, मान धरून ठेवायची, श्वास नाकाने. सकाळी मोकळ्या प्लॉटमधले मोर टिपले, तर्री-पोह्याच्या गाडीवर झारा आपटतो तो टिपला. एवढं झाल्यावर मनात आलं की हे सगळं माझ्याच डोक्याचं आहे. आपलं घर दुसऱ्याच्या डोक्यातून कसं ऐकू येत असेल?

रविवारी सकाळी हे गॅलरीत मिक्सर उघडून बसले होते. सुट्टीच्या दिवशी काहीतरी खोलून बसल्याशिवाय यांना करमत नाही. मी माईक घेऊन समोर गेले. "हे घालून बसता का थोडा वेळ? काही करायचं नाही, बसायचं फक्त."

"घाल. मले काय," हे म्हणाले. यांचा फोन नेहमी शर्टाच्या वरच्या खिशात असतो, तो काढून मी बाजूच्या टेबलावर ठेवला आणि त्या खिशात माझा फोन सारला. मग मी माझ्या कामाला लागले आणि विसरूनही गेले.

ते रेकॉर्डिंग मी दुसऱ्या दिवशी दवाखान्यात ऐकलं. सुरुवातीला फक्त श्वास होता. मोठा, जवळचा, संथ. इतकी वर्षं शेजारी झोपूनही मी हा श्वास असा आतून ऐकला नव्हता, मला जरा लाजल्यासारखं झालं. मग स्क्रूड्रायव्हर, एकेक स्क्रू ताटलीत पडल्याचा टणटण आवाज, खाली रस्त्यावर पाण्याचा टँकर. डावीकडे लांब कुकरची शिट्टी. मग मागून, उजव्या बाजूने, माझा आवाज आला. "चहा ठेवू का जी?"

अगदी स्पष्ट. मी दारात उभी आहे हेही कळत होतं. यांचं उत्तर नाही. "अहो, चहा ठेवू का?" उत्तर नाही. मग माझी पावलं, उजवीकडून फिरून समोर आली, आणि समोरून मी वैतागून म्हटलं, "चहा?" तेव्हा लगेच, डोक्याच्या आतूनच आल्यासारखं, "हं, ठेव ना."

मला हसू आलं. म्हटलं, हा आमचा संसार, पुराव्यासकट. पुढे मी आंघोळीला गेले असेन, कारण माझे आवाज थांबले. आणि डाव्या बाजूला, अगदी जवळ, फोन वाजला. यांचाच, टेबलावरचा. मुलीसाठी यांनी वेगळी रिंग लावली आहे, ती. पूर्ण वाजली, शेवटपर्यंत, आणि बंद झाली. थोड्या वेळाने पुन्हा वाजली आणि पुन्हा बंद झाली.

मला त्या क्षणी जो संताप आला तो मी कुणावर काढला असता माहीत नाही. दवाखान्यात होते म्हणून बसून राहिले. लेकरू आपणहून फोन करतं, एकदा नाही, दोनदा, आणि हा माणूस हातभर अंतरावर बसून उचलत नाही. रविवारी संध्याकाळी तिने मला हेच सांगितलं होतं, मी म्हटलं होतं की बाहेर गेले असतील. मी तो भाग पुन्हा लावला, राग अजून नीट यावा म्हणून.

पुन्हा ऐकताना माझं लक्ष रिंगवरून स्क्रूड्रायव्हरवर गेलं. तो थांबला नव्हता. ज्याला फोन उचलायचा नसतो त्याचाही हात क्षणभर थांबतो, तो बघतो कुणाचा आहे, मग तोंड फिरवतो. इथे काहीच नव्हतं. श्वास तसाच, स्क्रू तसेच ताटलीत पडत होते. मी यांच्या कानांच्या जागी बसले होते आणि मला सगळं ऐकू येत होतं, आणि ज्यांचे ते कान होते त्यांना काहीच ऐकू आलेलं नव्हतं.

पेशंट समोर येऊन उभा राहिला तरी मी कानांतून इअरफोन काढले नाहीत. मला एकेक गोष्ट आठवायला लागली. टीव्हीचा आवाज. खिशातला फोन, तो छातीशी थरथरला की कळतो म्हणून खिशात. आणि आपल्या नागपूरचे चार महिने कूलरचे, तेव्हा तर घरात कुणीच कुणाचं ऐकत नाही, सगळेच ओरडतात आणि सगळेच 'काय?' म्हणतात. उन्हाळा सगळ्यांनाच बहिरं करतो, त्यात एक खरा असला तर कोण ओळखणार?

तरी खात्री करायची होती. त्या संध्याकाळी हे तोच मिक्सर जोडत बसले होते. मी मागे जाऊन नेहमीच्या आवाजात म्हटलं, "घराले आग लागली जी." हे स्क्रू पिळत राहिले. मग मी समोर जाऊन बसले. यांनी वर पाहिलं. मी नुसते ओठ हलवले, आवाज अजिबात न काढता विचारलं, चहा घेता का.

"घेतो ना," हे म्हणाले. "विचारून काय राहिली?"

"मी आवाज काढलाच नाही जी," मी म्हणाले.

यांनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. पळून जायला जागा नव्हती, नाहीतर गेले असते.

"कधीपासून?"

"समजलंच नाही कधीपासून. हळूहळू गेलं." मग म्हणाले, "शेडमध्ये कोण ऐकते? तिथं सगळे तोंड पाहूनच बोलतात. तिकडच्या लाइनीतला माणूस त्याच्या साळ्याच्या लग्नाची गोष्ट सांगते अन् आपण इकडून हसतो. आवाज कोणाचाच नसते. मले घरीही तसंच चालून गेलं."

लग्नाच्या नव्यात हे माझ्या तोंडाकडे टक लावून बघायचे. माझी जाऊ त्यावरून मला चिडवायची आणि मी पदर चेहऱ्यावर ओढून घ्यायची. ते आठवून मला भलताच राग आला. "म्हणजे तेव्हापासून तुम्ही माझे ओठ वाचून राहिले होते?"

"तेव्हा कान चांगले होते," हे म्हणाले. "तेव्हा तुलेच पाहत होतो."

पण राग गेला नाही. इतकी वर्षं मी भिंतीशी बोलले आणि भिंतीने मला सांगितलं नाही की ती भिंत आहे, हा राग होता, आणि तो खरा होता. दया नंतर आली. ती पण यांचं पुढचं ऐकून आली.

"तुझं फोनवर जमते," हे म्हणाले. "तू काय म्हणशील ते मले माहीत असते. भाजी काय आणू अन् लवकर या. पोरीचं नाही समजत. बारीक आवाज आहे तिचा. नुसतं चिवचिव येते. मंग मी छान म्हणतो अन् तुले देतो."

आमच्या डॉक्टरांच्या ओळखीने जवळच्याच इमारतीत कानाच्या डॉक्टरांकडे नंबर लावला. हे यायला तयार नव्हते. कंपनीत दर वर्षी कान तपासतात आणि आपण दर वर्षी पास होतो, हे यांचं म्हणणं. कसे पास होता विचारलं तर यांनी टीव्ही लावला. तिथे काचेची बंद पेटी होती. यांना आत बसवलं, कानांवर हेडफोन, हातात बटण. बाहेर मशीनवर एक तरुण मुलगी. आवाज आला की बटण दाबायचं. मी तिच्या मागे उभी होते. ती आवाज सोडायची आणि हे बटण दाबायचे. एकही चुकलं नाही. "काकांचे कान तर मस्त आहेत," ती म्हणाली.

मी यांचे डोळे बघत होते. कान देऊन ऐकणाऱ्या माणसाचे डोळे कुठेही नसतात. यांचे डोळे काचेतून तिच्या उजव्या हातावर होते. ती कळ दाबायची तेव्हा तिचं कोपर जरासं उचलायचं, आणि कोपर उचललं की यांचा अंगठा खाली जायचा. कंपनीत दर वर्षी पास होण्याचं गुपित ते हेच.

"ताई," मी म्हणाले, "यांची खुर्ची भिंतीकडे फिरवा."

तिने फिरवली. आता मला यांची पाठ दिसत होती आणि बटणावर ठेवलेला अंगठा. तिचं कोपर उचललं. अंगठा हलला नाही. पुन्हा उचललं, पुन्हा नाही. ती आवाज वाढवत गेली, तिचं कोपर वरखाली होत राहिलं, आणि तो अंगठा तयारीत तसाच थांबून होता, एखादा आवाज येईल म्हणून. मला वाटलं, फिरवावी परत ती खुर्ची, होऊ द्यावं पास.

दोन्ही कानांचे बारीक, उंच आवाज गेले आहेत, यंत्र लावावं लागेल, आणि ते लावलं तरी सवय व्हायला वेळ लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. मापं घेतली. यंत्र यायला थोडे दिवस होते. बाहेर पडल्यावर हे पहिलं वाक्य बोलले ते, "पोरीले सांगू नको."

"काहून?"

"नाही सांगायचं."

"तिले वाटते तुम्ही तिच्यावर रागावले."

"वाटू दे. राग जाते कधी ना कधी, हे समजते पोरीले. कान परत येत नाही."

मी कबूल झाले. सांगणार नाही म्हटलं आणि सांगितलंही नाही. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी त्या रविवारचा तेवढाच तुकडा कापला, मी चहा विचारते तिथपासून फोन दोनदा वाजतो तिथपर्यंत. मुलीला पाठवला आणि खाली लिहिलं, 'माईक बाबांच्या कानांत होते. दोन्ही कानांत घालून ऐक.' तिने तो उघडल्याचं मला दिसलं. उत्तर आलं नाही. त्या दिवशी तिचा फोनही आला नाही, आणि मी चुकलं की काय म्हणून घाबरून राहिले.

पुढच्या संध्याकाळी यांच्या खिशात फोन थरथरला. मुलीचा व्हिडिओ कॉल. यांनी सवयीने न बोलता फोन माझ्यापुढे धरला. पण स्क्रीनवरची मुलगी मान हलवत होती, नाही नाही म्हणत बोट यांच्याकडे दाखवत होती. आज ती चालत नव्हती. फोन कशाला तरी टेकवून ठेवला होता, टेबलावरचा दिवा बरोबर तिच्या चेहऱ्यावर पडेल असा वळवला होता आणि केस मागे बांधले होते. हे फोन घेऊन बसले. मी शेजारी बसले.

तिने बोलायला सुरुवात केली. तोंड हलत होतं, पण आवाज नव्हता. मला वाटलं नेट गेलं. "आवाज येत नाही वं," मी वाकून म्हटलं. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. ती सावकाश, एकेक शब्द ओठांवर नीट मांडून बोलत होती, आणि आवाज ती काढतच नव्हती.

"समजते ना," हे तिला म्हणाले. "सगळं समजते. बोल."

ती बोलत राहिली. मध्ये तिने डोळे पुसले आणि पुन्हा बोलायला लागली. आवाजच नसल्यामुळे मागेपुढे व्हायला काही नव्हतं, नेट थोडं अडकलं तरी हे थांबून वाट पाहायचे आणि तिथूनच पुढे धरायचे. "नाही वं, रागावीन काहून... हो... तू गेली तेव्हाच सांगायचं होतं मले... नाही, दुखत नाही, तसं काही नसते त्याच्यात." हे मोठ्याने हसले. इतके मोठ्याने मी यांना फोनवर हसताना कधी ऐकलं नव्हतं. कशावर हसले ते मला कळलं नाही. मी स्क्रीनकडे डोळे लावून बसले, पण एक अक्षर लागेना. माझ्या दोन चांगल्या कानांचा तिथे काडीचा उपयोग नव्हता.

"मंग काढ ना तिकीट," हे म्हणाले. "आताच काढ, मी थांबतो."

"काय म्हणते?" मी यांच्या दंडाला हलवून विचारलं. "येते म्हणते का?"

यांनी स्क्रीनवरची नजर काढली नाही. हाताने मला गप्प बसायची खूण केली आणि फोन थोडा आणखी जवळ धरला.